एक नंबरचा शेंदूर

"मलम संपलंय. पंपावर जा," कंपाउंडर यशवंतराव म्हणाले आणि समोरचा भाजलेला हात त्यांनी चुकीच्या खिडकीवर आलेल्या अर्जासारखा बाजूला सारला.

मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. माझ्या बोटावर आम्लाचा थेंब पडला होता, बाकी विशेष काही नाही. हात भाजलेला माणूस फोर्ज शॉपमधला ज्योतीराम. दुष्काळानंतर केजकडून पिंपरीला आलेला, नोकरीत कायम होऊन वर्षही झालं नव्हतं. तापलेल्या लोखंडाची खपली उडून त्याचं मनगट ते कोपर सोलून निघालं होतं.

"पंपावर कशाला? पाणी ओतायला?" मी विचारलं.

"नाही हो कुसुमताई. मीरासाहेबांचं मलम असतं तिथं. आपल्या ट्यूबपेक्षा भारी. मी स्वतः लावतो, मूळव्याधीला," यशवंतराव म्हणाले. मग आपण हे एका बाईमाणसासमोर बोललो हे लक्षात येऊन ते उगाच खोकले.

कंपनीत नऊशे पुरुष होते आणि आम्ही तिघी: टेलिफोनवरच्या बाई, कँटीनमधल्या विमलबाई आणि लॅबोरेटरीत मी. बी.एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली होती. ओतीव लोखंडात कार्बन किती, गंधक किती, बाहेरून आलेला माल ठरल्याप्रमाणे शुद्ध आहे की नाही, हे तपासून सही करायची, हे माझं काम. स्वभावाच्या दोन खोडी होत्या. कुठलीही भुकटी दिसली की तिच्यात काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नसे, आणि कळलं की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नसे. पहिल्या खोडीने कधी कुणाचं नुकसान झालं नाही.

मी ज्योतीरामबरोबर पंपावर गेले.

पंपघर पवनेच्या काठावर होतं. नदीचं पाणी उपसून आधी गाळणीत आणि तिथून कंपनीच्या व वसाहतीच्या टाकीत चढवणारे दोन पंप तिथे अखंड घुमत असत. मीरासाहेब आतार गेली अकरा वर्षं त्यांचे फिटर होते. पन्नाशीचा, किडकिडीत, खाकी कपड्यांतला माणूस. सगळी कंपनी त्यांना मीरामामू म्हणायची. मीरामामूंचा जॉइंट गळत नाही, ही कंपनीतली म्हणच होती. पाइपाच्या दोन तोंडांमध्ये अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर लावून ते बोल्ट आवळत, आणि मग तिथे थेंब दिसत नसे. कुणाच्या मुलीचं लग्न चांगल्या घरी ठरलं तर फोरमन म्हणायचे, "काळजी सोडा. मीरामामूंचा जॉइंट समजा."

"या ताई. भाजलं का काय?"

"मला नाही, मामू. याला."

त्यांनी फडताळातून बूटपॉलिशची जुनी डबी काढली. राखेने घासून लखलखीत केलेली. आत विटकरी-लाल मलम. ज्योतीरामचा हात मांडीवर घेऊन त्यांनी ते इतक्या हलक्या बोटाने लावलं की इतका वेळ दात आवळून बसलेला तो गडी सैल पडला.

"मघापासून नुसतं जळायलं होतं. आता गार पडलं बघा," तो म्हणाला.

"कशाचं आहे हे?" मी विचारलं.

"तिळाचं त्याल, राळ, मेन आन् शेंदूर. बापाची इद्या. चाकनच्या बाजारात बाप आत्तराची पेटी घिऊन बसायचा. आत्तरानं पोट भरंना, मलमानं भरायचं. मी मातुर इकत न्हाई. फुकट देतो."

"आणि शेंदूर कुठला?"

त्यांनी कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट केलं. "ह्यो काय. जॉइंट झाल्यावर तळाला ऱ्हातो तेवढाच. बापाच्या टायमाला वानी शेंदरात इटंची भुकटी मिसळायचा. निम्मी इटच असायची. ह्यो कंपनीचा माल हाय, ताई. एक नंबर."

ड्रमवर इंग्रजी अक्षरांत 'रेड लेड' लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. शिशाचं ऑक्साइड, नव्व्याण्णव टक्के शुद्ध. मीच तपासून पास केलेलं.

"मामू, हे शिसं आहे. विष आहे हे."

"खायाला कोन देतंय?"

या प्रश्नाला कॉलेजात कुणी उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, उघड्या जखमेतून थोडं थोडं अंगात जातं, हाताला लागलेलं जेवणातून जातं, साठत राहतं. मामू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तीस वर्सं लावतोय लोकास्नी. एक तरी मेला का?"

हे म्हणताना त्यांनी पोटावर हात दाबला. पोटात वात धरलाय, म्हणाले. चार-पाच वर्षं असंच चालतं, ओवा खाल्ला की बरं वाटतं. डबीचं झाकण त्यांना एका हाताने बसवता आलं नाही. मी ते पाहिलं, आणि पाहूनही दोन गोष्टी जोडल्या नाहीत. वाद जिंकायच्या नादात होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मामूंना लॅबमध्ये बोलावलं. बरोबर पट्टी बांधलेला ज्योतीराम आला आणि आणखी चौघे फुकटचा तमाशा म्हणून आले. मी चिमूटभर मलम सौम्य नायट्रिक आम्लात उकळलं, गाळलं, आणि त्या पाण्यासारख्या द्रावात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. नळीत पिवळाधमक साका उतरला. मग नळी तापवली. साका विरघळला, पाणी पुन्हा स्वच्छ. नळी गार होऊ लागली तशी तिच्यात सोनेरी पापुद्र्यांची बरसात सुरू झाली. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडून ते चमकत, फिरत, हळूहळू खाली येत होते.

सगळे नळीवर वाकले. मग ज्योतीराम म्हणाला, "आयला. सोनं!"

"सोनं नाही. शिसं. लेड आयोडाइड."

"ताई, काय सांगायलाव? शिसं काळं असतंय. छऱ्याचं शिसं आमी काय बघितलं न्हाई का?"

मी फळ्यावर समीकरण लिहिलं. संयुगाचा रंग मूळ धातूसारखा असतोच असं नाही, हे समजावून सांगितलं. मोरचूद निळा असतो, पण तांबं निळं असतं का, असं विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यात इतका निरुपयोगी खडू मी कधी झिजवला नाही.

मामू फळ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी नळी उजेडात धरली होती. "ताई," ते म्हणाले, "परत एकदा करा की."

आणि मी केलं. काही गरज नव्हती. सुंदर दिसतं म्हणून केलं.

आठवड्याभरात सगळ्या कंपनीला कळलं की मीरामामूच्या मलमात सोनं आहे आणि लॅबवाल्या ताईंनी ते काढून दाखवलंय. पंपघरापुढे जेवणाच्या सुट्टीत रांग लागू लागली. ज्यांना भाजलं नव्हतं तेही डबी मागू लागले. एक वेल्डर आपल्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत घालून माझ्याकडे आला, त्यातही बघा म्हणाला. विमलबाईंनी माझ्या ताटात न मागता भजी वाढली आणि हळूच विचारलं, "खरंच निघालं का हो, की उगं?"

"शिसं निघालं, विमलबाई. शिसं. विष."

"तेच ते," त्या समजूतदारपणे म्हणाल्या. "चांगल्या गोष्टीचं नाव उघड घेऊ नये."

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांना मी भेटले. ते घड्याळ बघत म्हणाले, "'पोटात घेऊ नये' असं लिहून लावा, झालं." मी नोटीस लिहिली. चौथ्या दिवशी तिच्यावर ओव्हरटाइमच्या याद्या चिकटल्या होत्या. यशवंतरावांना म्हटलं, तुम्ही तरी लोकांना पंपावर पाठवू नका. ते म्हणाले, "ताई, मला वर्षाला ट्यूबा मिळतात चोवीस आणि भाजतात तीनशे. उरलेल्यांना काय तुमचं समीकरण लावू?" मी मामूंना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बरं, ताई." त्यांचं ते 'बरं' म्हणजे पावसाळ्यातलं दार होतं, ढकलावं तर हलत नाही आणि बंद आहे असंही म्हणता येत नाही. शेवटी मी कंटाळले. नऊशे प्रौढ माणसांना आपली कातडी सांभाळता येत नसेल तर मी काय करू, असं स्वतःला सांगून मी माझ्या गंधकाच्या तपासण्यांकडे वळले.

दोन-अडीच महिन्यांनी मामू लॅबच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"नात झालीया, ताई. मदिनाला पयली. उद्या चाळिसावं न्हानं हाय. तुमी आलंच पायजे."

मामूंचं घर पिंपरी गावात होतं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. पुरुष बाहेर ओट्यावर बसले. मामूंच्या बायकोने, रोशनबींनी, मला हात धरून आतल्या खोलीत नेलं. पलंगावर मामूंची लेक मदिना बसली होती, एकोणीस-वीस वर्षांची, थकलेली. मांडीवर बाळ. मामूंच्या आईचं नाव ठेवलं होतं, नूरबी.

मला बाळांमधलं फारसं काही कळत नाही. पण तपासायला आलेला नमुना बघावा तसं मी ते बाळ बघितलं, सवयीने. रंग मातकट. चाळीस दिवसांच्या मानाने हलकं. सगळीकडे एवढा गलबला असूनही अंगात हालचाल नाही. डोक्यावरची टाळू खाली दबलेली असते ना, तशी नव्हती; फुगून वर आली होती.

"सारखी वकतीया," रोशनबी म्हणाल्या. "चार चार दिस शी न्हाई. रडती, ते बी किरकिर. नजर लागली, बाई. मिरच्या ओवाळल्या, ताईत बांधला. नजरच हाय."

बाळाने तोंड उघडलं. मदिनाने माझ्यासमोर संकोच न करता त्याला अंगावर घेतलं. घेताना ती कळवळली. माझं लक्ष गेलं. ओढणीच्या कडेला विटकरी-लाल डाग होते. पिताना बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात तोच रंग ओघळला.

"हे काय लावलंयस?"

"अब्बांचं मलम. चिरा पडल्यात. लई दुखतंय."

"आणि दूध पाजताना पुसत नाहीस? धूत नाहीस?"

मदिनाने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "धुऊ कशाला? सोजराबाई सुईन म्हनली, बाळाला सोनं उगाळून चाटवत्यात, हितं तर आयतंच हाय. थोडं पोटात गेलं तर चांगलंच." मग ती मला धीर द्यावा तशी हसली. "तुमीच तर तपासलं न्हवं, ताई."

मी तिच्या मांडीवरून बाळ उचललं. कसं उचललं ते आठवत नाही. रोशनबी ओरडल्या, कुणाच्या तरी हातून शेवयांचं भांडं पडलं. मी ओट्यावर येऊन म्हटलं, "मामू, गाडी आणा. आत्ता. पुण्याला न्यायचं." आणि काय झालं ते एका वाक्यात सांगितलं. त्यांनी एकदा बाळाच्या ओठाकडे पाहिलं. अंगठ्याने तो लाल ओघळ पुसला. मग तो अंगठा कुठे पुसावा हे त्यांना कळेना. तसाच धरून ते उभे राहिले.

गाडी यशवंतरावांनी आणली, कंपनीची ॲम्ब्युलन्स, कुणाचीही परवानगी न घेता. ते ड्रायव्हरशेजारी बसले. दापोडीच्या पुलावर मालट्रक आडवा आला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला आणि ट्रकवाल्याला मिळून अशी शिवी दिली की मागे बसलेल्या रोशनबींचं रडणं क्षणभर थांबलं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिलं, आणि मलाही पाहायला लावलं. तांबड्या पेशींवर निळे ठिपके होते, शाई शिंपडल्यासारखे.

"शिसं आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. मीच तपासलं होतं."

"मग ती मुलगी सोनं सोनं काय म्हणतेय?"

मी नळी, आयोडाइड, ऊन असं काहीतरी सांगू लागले. त्यांनी निम्म्यावरच हात वर केला. त्यांना वेळ नव्हता.

शिसं अंगातून ओढून काढणारं इंजेक्शन पुण्यात मिळालं नाही. मुंबईहून यायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी नूरबीला आकडी आली, मग आणखी एक. मामू व्हरांड्यातल्या फरशीवर बसून होते. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता त्यांना आ करायला लावलं. हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ होती.

"तमाकूची हाय," मामू म्हणाले.

"तंबाखूची नाही. तुमच्याही अंगात शिसं आहे, वर्षानुवर्षांचं. पोट दुखतं ना? मनगट उचलत नाही ना?"

त्यांनी आपला उजवा हात पुढे धरून बघितला. पंजा खाली लोंबत होता. मग तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा त्यांनी मांडीवर ठेवून दिला.

बाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ताई, तुमी शिसं म्हनला व्हता."

"हो."

"मी ऐकलं व्हतं. चांगलं ऐकलं व्हतं. माझी मान लोकांवानी नुसती हालत न्हवती." त्यांनी घसा साफ केला. "लोक सोनं म्हनाया लागले. मी न्हाई म्हनलो न्हाई. बापानं जल्मभर बाजारात बसून मलम इकलं, कुनी इचारलं न्हाई. मला वाटलं, असंल बी सोनं. ताईला काय सगळंच कळतं?"

मी रागावायला हवं होतं. महिनोन्महिने साठवलेला राग होता माझ्याजवळ, चांगला शुद्ध. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात एक हिशोब जुळत होता आणि तो जुळल्यावर राग कुणावर काढावा हे कळेना. तीस वर्षांत या मलमाने कुणी मेलं नाही असं मामू म्हणायचे, त्यात कंपनीत येण्याआधीच्या वर्षांपुरतं तरी तथ्य असणार. चाकणचा वाणी चोर होता. निम्म्या विटेच्या भुकटीने किती बाळं वाचवली असतील कोण जाणे. नूरबीच्या पोटात गेला तो माल मात्र एक नंबरचा होता. त्याच्यावर माझी सही होती.

इंजेक्शन आलं. तेवीस दिवसांनी नूरबी घरी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जगेल. बाकीचं दोन वर्षांनी कळेल."

मामू कामावर रुजू झाले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पंपघरात नव्हते. खांद्याला पिशवी लावून शॉपमागून शॉप फिरत होते. मलमाच्या डब्या परत मागत होते. कुणाला दिली याची यादी त्यांच्याजवळ नव्हती. जखमा लक्षात होत्या. गियर शॉपमधला अंगठा. पेंट शॉपमधली मान. गेटवरच्या वॉचमनच्या मुलीची टाच. लोक द्यायला तयार नव्हते. कुणी म्हणे हरवली, कुणी म्हणे संपली. एकाने सरळ सांगितलं, "मामू, भाव वाढला वाटतं!"

फोर्ज शॉपमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले होते. घणाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून ज्योतीरामला बाहेर बोलावलं.

"दिलेलं दान परत मागायलाव व्हय, मामू?" तो हसत म्हणाला. मागे त्याचे दोन सोबती होते, तेही हसले.

"व्हय."

"सोनं हाय म्हनून कळलं, तवा मन फिरलं. खरं सांगा!"

"शिसं हाय त्यात," मामू म्हणाले. आवाज चढवला नाही, खाली मानही घातली नाही. "सोनं न्हाई. कवाच न्हवतं. मला म्हाईत व्हतं. माझ्या नातीच्या डोस्क्यात गेलंय ते."

ज्योतीरामचं हसू ओठांवर राहून गेलं. मग त्याचा चेहरा उतरला. "माझी डबी हितं न्हाई, मामू. गावाकडं धाडली. भावजय बाळंत झाली तवा."

मामूंनी पुढचं ऐकलं नाही. दुपारी रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, सही केली आणि पंप दुसऱ्याच्या हवाली करून पुण्याच्या स्टँडवर गेले. केजला कधी गेले नव्हते. गावाचं नाव ज्योतीरामने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं होतं.

चौथ्या दिवशी ते लॅबमध्ये आले. कपडे धुळीने भरलेले. पिशवीतून त्यांनी बूटपॉलिशची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकणावर हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

"उघडलीच न्हवती," ते म्हणाले. "देव्हाऱ्यात ठिवली व्हती. सोनं हाय म्हनून, म्हातारीनं बाळंतिणीला हात लावू दिला न्हाई." ते स्टुलावर बसले आणि त्यांच्या तोंडातून हसण्यासारखा एक आवाज निघाला. "बाळ चांगलं हाय. लई दांडगं. माझी मिशी वढली त्यानं."

अडतीस डब्या जमल्या. नदीत टाकता येत नव्हत्या, जाळता येत नव्हत्या. शेवटी उरलेल्या शेंदरासकट त्या ड्रममध्ये घालून झाकण वेल्ड करून घेतलं. तिसऱ्या पंपाचा पाया खणत होते, त्यातच तो ड्रम उभा केला आणि वरून काँक्रीट ओतलं. यशवंतराव आले होते. टोपी काढून उभे राहिले. का, ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्या वर्षी तिसरा पंप बसला. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला यापुढे शेंदूर लावणार नाही, हे मामूंनी नव्या इंजिनियरला आधीच सांगितलं होतं. खडू, अळशीचं तेल आणि तागाचा धागा वापरून त्यांनी जॉइंट केला. पाना दोन्ही हातांनी धरला. बोल्ट आवळायला पूर्वी दहा मिनिटं लागत, आता अर्धा तास लागला. मी मुद्दाम बघायला गेले होते. पंप सुरू झाला, दाब चढला, आणि जोडाच्या खालच्या अंगाला एक थेंब धरला. फुगला. पडला.

नवा इंजिनियर वाकून बघत म्हणाला, "काय मीरासाहेब? तुमचा जॉइंट आणि गळतो?"

"गळतोय, साहेब," मामू म्हणाले.

त्यांनी बोल्ट आणखी एकदा आवळून पाहिला. थेंब थांबला, मग पुन्हा आला. इंजिनियर वहीत काहीतरी लिहून निघून गेला.

"नूरबी कशी आहे?" मी विचारलं.

"बसती आता. सव्वा वर्साची झाली." त्यांनी हात फडक्याला पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा, सावकाश. "हाक मारली की बघत न्हाई. रोशनबी म्हनती, पोरगी तोऱ्याची हाय."

फडताळात, जिथे पूर्वी डब्यांची चळत असायची तिथे, आता साबणाची वडी आणि ॲल्युमिनियमचा एक मग होता. त्यांनी मग काढला, जोडाखाली ठेवला आणि तो बरोबर थेंबाखाली येईपर्यंत बोटाने थोडा थोडा सरकवत राहिले.

पुढे कधीही पंपघरात गेले तरी तो मग तिथेच दिसे. दुपारपर्यंत भरे. मामू तो उचलून बाहेर दारातल्या शेवग्याच्या रोपाला ओतत, आणि परत आणून होता त्याच जागी ठेवत.